पृथ्वीचा कोटीवा भाग

अमरावतीच्या इतिहासात पृथ्वीचे खरे माप घेऊन आलेला पुरुष एकच होऊन गेला, आणि असे पुरुष युगातून एकदाच जन्माला येतात. युगाची ही काटकसर मला शहाणपणाची वाटते. आमच्या गल्लीला त्या एकानेच पुरते दमवले होते.

ते आमच्या सरकारी शाळेचे हेडमास्तर. मी त्यांच्या हाताखालचा दुय्यम शिक्षक. 'हाताखालचा' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची मात्र सोय नव्हती. "कोणाच्या हाताखालचा?" असे त्यांनी लगेच विचारले असते. "हात दर माणसाचा वेगळा असतो. मग खाली म्हणजे नक्की किती खाली?"

हा 'कोणाचा?' त्यांच्या तोंडी अष्टौप्रहर असे. शेजारच्या म्हातारीने सांगावे, मास्तर, अंगणात हातभर साप निघाला हो. मास्तर साप बाजूला ठेवून विचारत, "कोणाचा हात?" मुले त्यांना मागे 'कोणाचा मास्तर' म्हणत. ते त्यांच्या कानावर गेले होते, आणि त्यांना त्याचा राग नव्हता. प्रश्न मुलांपर्यंत पोचला, एवढे त्यांना पुरे होते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणसाच्या शरीरावरून घेतलेले कोणतेही माप हे माप नव्हे. वीत, हात, मूठ, चिमूट, ओंजळ हे सगळे माणूस मेला की मरते. साहेबाचा फूटसुद्धा त्यातलाच, कारण तोही कोण्या राजाचा पाय. याला एकच तोड होती, ती फ्रेंच लोकांनी काढली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत पृथ्वी मोजायची, तिचे एक कोटी भाग करायचे, आणि त्यातला एक भाग घरी आणायचा. त्या भागाचे नाव मीटर. हे सांगताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा चढे.

तो कोटीवा भाग त्यांच्याकडे होता. सागवानी काठी, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. ही काठी कशी झाली, ते मला ठाऊक आहे, कारण मी बरोबर होतो. इंग्रजी पुस्तकात मीटर म्हणजे अमुक इंच असे छापले होते. म्हणून इंच मोजायला इंग्रजी वार हवा. म्हणजे इंग्रजी मापाला हद्दपार करणारे शस्त्र इंग्रजी मापावरच बेतायचे होते. ते असो. वार कोठे मिळणार? कापडवाल्या शेठजींच्या दुकानात. आता शेठजींकडे वार दोन होते, एक घ्यायचा आणि एक द्यायचा, हे बाजारात सगळ्यांना माहीत होते, फक्त मास्तरांना नव्हते. मी नंतर एकदा शेठजींना हळूच विचारले, "मास्तरांना कोणता वार दिला होता हो?"

"भला माणूस मांगाले आला," शेठजी म्हणाले, "हाताले लागला तो देला."

तेव्हा आमच्या गल्लीतली पृथ्वी जगातल्या पृथ्वीहून थोडी लहान असण्याचा संभव होता. मी हे मास्तरांना कधी सांगितले नाही. माणसाची काठी मोडावी, पृथ्वी काढून घेऊ नये.

दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायत वऱ्हाडात आली होती. तेल्हाऱ्याकडचा, अकोटाकडचा, दर्यापुराकडचा कापूस गाड्यांवर लादून अमरावतीत उतरे. हवेत कापसाचे तंतू, अंगरख्यावर तंतू, वरणातही तंतू. ज्यांना वेळ विचारायची कधी गरज पडली नव्हती, अशा माणसांच्या छातीवर घड्याळे लोंबू लागली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आणि जितके बाजार, तितके मण. एका गावचा मण दुसऱ्या गावी चालेना, आणि घेणाऱ्याचा मण देणाऱ्याला पटेना. अशा गोंधळात एक माणूस उठून म्हणतो की सगळ्यांसाठी एकच माप असावे, आणि ते कोणाच्याच बापाचे नसावे. खरे सांगायचे तर म्हणणे चुकीचे नव्हते. फक्त ते मास्तरांचे होते.

दुधाची गोष्ट सांगतो. मास्तरांनी तांबटाकडून एक भांडे करवून घेतले होते, फ्रेंच मापाचे, लीटराचे. गवळण रोज आपल्या शेराने दूध घाली. पहिल्या दिवशी मास्तरांनी भांडे पुढे केले. तिने शेर ओतला. भांडे गळ्यापर्यंत आले, काठाला लागले नाही.

"हे भरलं नाही," मास्तर म्हणाले.

"शेर तं भरला ना, मास्तर?"

"तुझा शेर भरला. माप भरलं नाही. हे फ्रान्स देशाचं माप आहे."

"माप फ्रान्साचं असंन," गवळण म्हणाली, "पन म्हैस तं मोर्शीची हाय!"

मास्तर भांडे धरून उभेच. मग गवळणीने ओट्यावरचा तांब्या उचलला, त्यातले पाणी भांड्यात काठोकाठ ओतले आणि म्हणाली, "घ्या. भरलं तुमचं माप. आता तं खुश?"

वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, आतून हे पाहत होत्या. त्यानंतर दूध त्या स्वतः मागच्या दाराने घेऊ लागल्या, शेराने. पुढच्या दारी लीटर तसाच टांगलेला राहिला. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानाने दाखवत.

वहिनी वाईच्या. कृष्णेच्या काठावर वाढलेल्या. त्यांना आमच्याकडची एकच गोष्ट सोसवेना, पाण्याची. गल्लीत एक जुनी विहीर होती. पण कापसाच्या दिवसांत गाडीवानांचे बैल तिच्यावर येऊन पाणी पीत, आणि माघ संपेपर्यंत तिच्यात चिखल तेवढा उरे. मग बायांना परकोटाबाहेर मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणावे लागे. वहिनींचा गुडघा धरला होता. त्या कधी कुरकुर करताना मी ऐकले नाही. पण एका सकाळी मी मास्तरांकडे गेलो असता त्या घागर खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "अक्षय्य तृतीयेपर्यंत गल्लीत पाणी आलं नाही, तर मी वाईला जाते. परत यायचं तेव्हा बघू."

पूर्वी वहिनींना ही धमकी देता आली नसती, कारण वाईला जायचे म्हणजे महिनाभर बैलगाडी. पण आगगाडी आता बडनेऱ्यापर्यंत आली होती. सरकारने ती कापसासाठी आणली. तिचा संसारावर काय परिणाम होईल, याचा विचार केलेला दिसला नाही.

मास्तर हादरले. त्यांना स्वतःला साधे पिठले करता येत नव्हते, कारण पिठल्यात चिमूट लागते. त्यांनी चार शेठजींना गाठले आणि शाळेच्या पटांगणात नवी विहीर खणायचे ठरवून घेतले. इथपर्यंत सगळे ठीक होते.

विहीर खणायला वडारांची टोळी आली. त्यांचा नाईक मोठा बोलका आणि तितकाच बेरकी. आता विहिरीची खोली आमच्याकडे परूस या मापाने मोजतात. एक माणूस तळाशी उभा करायचा, त्याने दोन्ही हात वर करायचे. पायापासून बोटांच्या टोकापर्यंत एक परूस. पण माणूस कोणता, हा त्यातला खरा व्यवहार. खणणाऱ्याची मजुरी परुसावर, तेव्हा खणणारा आपला सगळ्यात बुटका माणूस पुढे करतो. खणवून घेणारा गावातला सगळ्यात उंच माणूस आणतो. मग दोन दिवस भांडण होते, कोणी तरी मधला माणूस ठरतो, आणि विहीर होते. ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि त्या भांडणात दोन्ही बाजूंना आनंद असतो. ठरले होते सहा परूस. माणूस ठरला नव्हता. मास्तर म्हणाले होते, ते मी बघतो.

चैत्रात नाईक शाळेत आला. "मास्तरसाहेब, झाले सहा परूस. माती वली लागून राहिली. मोजून घ्या."

"कोणाचे परूस?"

नाईकाने मागे वळून एका म्हाताऱ्याला पुढे ओढले. म्हातारा मास्तरांच्या खांद्याला लागत होता. "हा आमचा सासरा. आमच्या टोळीचा परूस याच्याच घरचा हाय, बापजाद्यापासून. याचा बाप तं याच्याहून कमी होता. आमी तुमाले वाढवूनच देऊन राहिलो."

सासरा खुशीत हसला आणि विचारायच्या आधीच हात वर करून उभा राहिला.

मास्तरांनी काठी काढली. त्यांनी नाईकाला ध्रुव, विषुववृत्त आणि कोटी समजावून सांगितले. नाईक लक्ष देऊन ऐकत होता.

"मंग ते लोक ध्रुवापासून चालत आले?" त्याने विचारले.

"गणिताने मोजलं."

"म्हंजे कोनी गेलंच नाई." नाईक सासऱ्याकडे वळून म्हणाला, "आन आपला मानूस समोर उभा हाय, तं त्याले म्हन्ते हे माप नोहे."

इतक्यावर मिटले असते. पण अकोल्याहून बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आले. शाळेच्या पटांगणात खड्डा खणायचा तर सरकारी मान्यता हवी, आणि सरकारला परूस कळत नव्हता. हे गृहस्थ आपलेच, देशीच, पण बूट घालत आणि पाय मोडून बसत नसत. त्यांच्याकडे चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली फीत होती. ती ते बोलता बोलता ओढत आणि सोडत, आणि ती सर्रकन आत जाई. लोक तेवढे बघायला जमत.

"सरकारी कामात फूट आणि इंच," ते म्हणाले. "दुसरं काही चालायचं नाही."

"कोणाचा फूट?" मास्तरांनी विचारले. "राजाचा ना? तो राजा मेला."

"राजा मरतो, मास्तर. सरकारचा पाय मरत नाही."

मास्तरांनी मुंबईहून उशिरा येणारे वर्तमानपत्र आणून दाखवले. विलायतेच्या पार्लमेंटानेच फ्रेंच माप वापरायला हरकत नाही असा कायदा केला होता.

"हरकत नाही म्हणजे वापरा असं नव्हे," ओव्हरसियर म्हणाले. "तुम्ही डोक्यावर उभं राहून शिकवायलाही सरकारची हरकत नाही." फीत सर्रकन आत गेली.

काम थांबले. कागद अकोल्याला गेला. तिकडून प्रश्न आला, तो इकडून परत गेला. लिंबाखाली सभा झाली. एका शेठजींनी तोड काढली की कापूस घेऊन आलेले एक पाटील आहेत, त्यांना परूस म्हणून उभे करावे. पाटील इतके उंच होते की सभेत बसूनही उभे असल्यासारखे वाटत. नाईक उसळून म्हणाला, "हा मानूस नाई, बांबू हाय! याच्या परुसानं खनलो तं मी पाताळात निघन!" पाटलांना हा मान वाटला. ते दोन दिवस जास्त राहिले.

इकडे बाया मळ्यावरून पाणी आणत होत्या. वहिनींनी ट्रंक काढून उन्हात ठेवली होती. तिला कसर लागली होती म्हणे. ट्रंकेला कसर चैत्रातच लागते, की मापांच्या वादात, हे मी विचारले नाही. मास्तर मात्र रोज शाळेत येताना ती अंगणात पाहत आणि दिवसभर मुलांवर ओरडत. एकदा भर वर्गात भागाकार सोडवता सोडवता थांबून ते मला म्हणाले, "बडनेऱ्याहून गाडी किती वाजता सुटते?" मग स्वतःच म्हणाले, "नको, सांगू नका."

शेवटी तहसीलदारांनी तोड काढली. तहसीलदार बाळापूरचे, जुन्या मुसलमान घराण्यातले, अतिशय सभ्य आणि कामाला अतिशय सावकाश. त्यांनी हुकूम दिला की अक्षय्य तृतीयेच्या सकाळी तिघांनी त्यांच्यासमोर विहीर मोजावी. नाईकाने सासऱ्याने, ओव्हरसियरांनी फितीने, मास्तरांनी काठीने. मग ते निकाल देतील.

त्या सकाळी सगळी गल्ली जमली. पुढे पुरुष, मागे घागरी घेतलेल्या बाया, कारण त्या तशाच मळ्याकडे निघाल्या होत्या. वहिनीही होत्या. तहसीलदारसाहेब खुर्चीवर बसले. पहिला मान सासऱ्याचा. त्याला दोराने खाली सोडला. दोर सैल पडला, आणि खालून आवाज आला, "आँ!"

"काय झालं?" नाईक ओरडला.

"पानी हाय!"

महिनाभर वाद चालला होता, खाली कोणी डोकावले नव्हते, आणि ओल्या मातीने तेवढ्यात आपले काम केले होते. विहिरीत चांगले छातीभर पाणी होते. अर्थात छाती सासऱ्याची.

"हात वर कर!" नाईक ओरडला. सासऱ्याने हात वर केले, पाय तळावरून सुटले, आणि परूस तरंगू लागला. त्याला बाहेर यायला सांगितले तर तो येईना. वैशाखाच्या उन्हात त्याला इतके बरे वाटत होते की तो खालून म्हणाला, "पह्यले दुसऱ्याईचं मोजून घ्या."

ओव्हरसियरांनी फीत सोडली. ती कापडाची होती. भिजून वर आली ती आखडलेली, आणि डबीत परत जाईना. त्यांनी दोनदा ओढली, तिसऱ्यांदा डबीच खिशात टाकली आणि फितीचे शेपूट बाहेर लोंबत राहिले.

राहिली काठी. मास्तरांनी दोरीला बांधून ती पाण्यात सोडली आणि वाकून पाहिले. पाण्यात काठी वाकडी दिसत होती. बायांच्या डोक्यावर ऊन चढत होते, आणि मास्तर पाण्यात शिरताना प्रकाशाचा किरण कसा वळतो, ते तहसीलदारांना समजावून सांगू लागले.

"मास्टरसाब," तहसीलदार शेवटी म्हणाले, "ये कुआँ है या इम्तहान?"

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, पाणी असेपर्यंत मोजणी होणार नाही. मोजणी होईपर्यंत काम पुरं झालं असं म्हणता येणार नाही. आणि काम पुरं झाल्याशिवाय विहीर कोणाला वापरता येणार नाही."

ओव्हरसियरांनी मान डोलावली. "बरोबर आहे," ते म्हणाले. महिन्याभरात दोघांचे एकमत झाले ते एवढ्या एका गोष्टीवर. तहसीलदारही पेचात पडले, कारण सरकारी रीतीने ते खरेच बरोबर होते.  घागरी घेऊन बाया उभ्या होत्या. समोर पाणी होते आणि त्यांनी मळ्यावर जायचे होते.

मग मागून आवाज आला. "पाणी काढून टाकल्याशिवाय मोजता येणार नाही ना?"

वहिनी होत्या. चारचौघा पुरुषांत त्यांनी तोंड उघडल्याचे मी तोवर पाहिले नव्हते. त्या तहसीलदारांकडे नव्हे, मास्तरांकडे बघत होत्या.

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग विहीर उपसायला हवी."

"हो."

"मग आम्ही उपसतो," वहिनी म्हणाल्या आणि घागर घेऊन पुढे झाल्या.

 तहसीलदारांनी दाढीवरून हात फिरवला. "मोजणीसाठी उपसा," ते गंभीरपणे म्हणाले. "इजाजत है."

सासऱ्याला वर काढले. त्याने जाता जाता पहिली घागर स्वतःच भरून दिली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बायांनी विहीर उपसली, म्हणजे घरोघरचे रांजण भरले. सकाळी विहीर पुन्हा भरलेली. मग त्यांनी ती पुन्हा उपसली. मोजणी झाली नसल्यामुळे ती अजून विहीर नव्हती. विहीर नव्हती म्हणून तिची शांत, म्हणजे भटजींची पूजा, झाली नव्हती. शांत झाली नव्हती म्हणून तिच्यावर कोणी यायचे आणि कोणी नाही, हा प्रश्न भटजींनाही काढता येईना. मुसलमान मोहल्ल्यातल्या बाया आल्या, गवळण आली, वडारांच्या बाया आल्या. सरकारी कामात मदत करायला कोण नाही म्हणणार? नाईकाच्या मजुरीचे शेठजींनी आपसात मिटवले. सासऱ्याला नवे धोतर मिळाले, आणि ते त्याला लांब झाले.

मास्तर रोज सकाळी काठी घेऊन विहिरीवर येत, वाकून पाहत आणि म्हणत, "अजून पुरता उपसा झालेला नाही." बाया म्हणत, "करून राहिलो, मास्तर." ते समाधानाने शाळेत जात. ते खरेच वाट पाहत होते, की वाट पाहण्याचे सोंग करत होते, हे मला बरेच दिवस कळले नव्हते.

दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला. ज्येष्ठात पाणी इतके खाली गेले की एका सकाळी विहिरीचा तळ दिसला. कोरडा खडक, मधोमध एक डबके. अशी संधी परत येणार नव्हती. मी धावत जाऊन मास्तरांना घेऊन आलो. ते काठावर उभे राहिले, खाली पाहिले, बराच वेळ पाहिले. शेजारी बाया डबके भरायची वाट पाहत बसल्या होत्या. वहिनी त्यांच्यात होत्या.

"मास्तर," मी म्हणालो, "आज मोजता येईल."

"आज नको," ते म्हणाले. "आज काठी आणली नाही."

काठी त्यांच्या हातात होती.

वहिनी वाईला गेल्या नाहीत. मास्तरांची पुढे अकोल्याला बदली झाली, तेव्हा त्या त्यांच्याबरोबर अकोल्याला गेल्या. आता शाळा मोठी झाली आहे, पटांगणाला कुंपण आले आहे, आणि गल्ली अजून तेच पाणी पिते. सरकारी दप्तरात मात्र ते काम अपुरेच आहे. काम लांबण्याच्या कारणापुढे 'पाण्याचा अडथळा' असे लिहिले आहे.